एकच टोल

मी घंटा बोलतेय. आधी हसून घ्या. या ऑफिसात माझं नाव काढलं की पोरंपोरी फिदीफिदी हसतात, मला त्याची सवय झाली आहे. देवळातली लोंबती घंटा मी नव्हे. मी शाळेची. काशाची जाड, गोल थाळी, वर दोन भोकं, त्यांत ओवलेली साखळी आणि शेजारी टांगलेली लाकडी हातोडी. अंगावर आयुष्यभर मार खाल्लाय, पण आवाज अजून खणखणीत आहे. मिरवावं असं माझ्याकडे आता तेवढंच उरलंय.

पुण्यातल्या एका कासाराच्या भट्टीत मी जन्मले. सुदुंबऱ्याजवळच्या एका गावानं वर्गणी काढून मला शाळेसाठी आणलं आणि पडवीत टांगलं. बजरंग शिपाई माझा धनी. दिवसभर तो तासांचे टोल मोजूनमापून द्यायचा, संध्याकाळी मात्र हात सैल सोडायचा. घणघणघणघण! माझा आवाज विरायच्या आत वर्ग रिकामे व्हायचे. "आरं सावकाश जावा की! घर काय पळून चाललंय व्हय?" असं बजरंग ओरडायचा आणि स्वतःच हसायचा. त्या घणघणीसाठीच आपण जन्मलो, असं मला वाटायचं. खरं सांगते, अजूनही वाटतं.

मग शाळेत विजेची घंटा आली. ती कर्र करून ओरडते, पण बटण दाबलं की भागतं. मला फाटक्या नकाशांबरोबर अडगळीत ठेवलं, तिथून मी भंगारात गेले आणि भंगारातून लोणावळ्याला जुन्या रस्त्यावरच्या एका दुकानात आले. तिथे जुन्या कंदिलांच्या ओळीत मला समर्थनं पाहिलं आणि म्हणाला, "वा, काय पीस आहे!" पीस म्हणजे मी.

समर्थची जाहिराती बनवणारी कंपनी आहे. नाव सांगत नाही, अजून त्याच्याच भिंतीवर लटकतेय ना! लोणावळ्यातच, तुंगार्ली भागातला एक बंगला, मोठ्या काचा, बसल्यावर उठता येत नाही अशा गुबगुबीत गाद्या, कॅरम, कॉफीचं यंत्र. "इथे सर-बिर म्हणायचं नाही हं," तो प्रत्येक नव्या माणसाला सांगतो. "समर्थ म्हण. आपण फॅमिली आहोत." माणूस वाईट नाही. सगळ्यांचे वाढदिवस त्याच्या लक्षात असतात. घरी जायची वेळ तेवढी लक्षात राहत नाही.

मला त्यानं दाराशेजारी टांगलं आणि एक गंमत काढली. संध्याकाळी जो सगळ्यांत आधी घरी निघेल, त्यानं माझ्यावर एक टोल द्यायचा. बाकीच्यांनी टाळ्या वाजवायच्या. बस, एवढंच.

पहिला टोल दिला अमृतनं. हा उर्से गावचा पोरगा, व्हिडिओ जोडण्याच्या कामात पटाईत. सांगितलेलं काम संपलं म्हणून बिचारा साडेसहाला उठला आणि हसत हसत टोल देऊन गेला. टाळ्या पडल्या. "हाफ डे का रे?" कुणीतरी ओरडलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तो आला, तर "या सरकारी बाबू!" म्हणून स्वागत झालं. तोही हसला, पण त्याचे कान लाल झालेले मी पाहिले. त्या दिवसानंतर तो पहिला कधी निघाला नाही. पुढे पगारवाढीच्या बोलण्यात समर्थ एका मुलीला लाडानं म्हणाला, "तुझे टोल जरा जास्त ऐकू येतात गं!" मग तर टोलच बंद झाले; समर्थ उठेपर्यंत कुणी उठेना.

माझी संध्याकाळ आता कशी जाते, ऐका. सहा वाजतात. कामं उरकलेली असतात. तरी सगळे पडद्याकडे बघत बसतात, केलेलंच पुन्हा उघडतात, मिटतात. एकमेकांच्या बॅगांवर नजर ठेवतात. कुणी पाणी प्यायला उठलं तरी चार माना वळतात. दार सताड उघडं असतं, त्याला कडीसुद्धा नसते. आणि त्या उघड्या दाराला कुलूप मी! पोरांना शाळेतून सोडवणारी मी, माझ्याच धाकानं धडधाकट माणसं खुर्चीला खिळून बसतात. माझ्यासारखीला याहून मोठी शिक्षा नसेल.

हसिना तळेगावहून यायची. मराठी जाहिरातींचे शब्द लिहायची, आणि झकास लिहायची. नवरा फिरोज कारखान्यात रात्रपाळीला. तो संध्याकाळी निघताना पाच वर्षांच्या आयराला शेजारच्या नंदाबाईंकडे सोडायचा. हसिना वेळेत पोचली तर आयरा आईच्या हातून जेवायची, नाहीतर नंदाबाईंच्या सोफ्यावर झोपून जायची. झोपलेल्या पोरीला उचलून आणायचं आणि सकाळी ती नीट जागी व्हायच्या आत गाडी पकडायची. असे दिवस वाढत चालले होते. हे मला ठाऊक, कारण फोनवर बोलायला सगळे माझ्याच कोपऱ्यात येतात.

एकदा फोनवर नंदाबाई म्हणाल्या, "सांभाळायला माझं काही न्हाई गं पोरी. पण आज शाळेत आईचं चित्र काढायला सांगितलं, तर तिनं माझं काढलं. म्हटलं तुला सांगावं." हसिना "बरं, मावशी" एवढंच म्हणाली. मग माझ्या थंड अंगाला कपाळ टेकून उभी राहिली. मला रडता येत नाही, पण त्या दिवशी यावं असं फार वाटलं.

त्यानंतरच्याच आठवड्यात तिची एक ओळ पास झाली. तळेगावात उभ्या राहणाऱ्या फ्लॅटची जाहिरात होती. ओळ अशी: "दिवेलागणीला घरी पोचणाऱ्यांचं गाव." बिल्डर खूश, समर्थ त्याहून खूश. संध्याकाळ होत आली तसा तो खुर्चीवर चढला. "आज कुणी हलायचं नाही! पिझ्झा मागवलाय. आज हसिनाचा दिवस आहे!"

तेवढ्यात हसिनाचा फोन वाजला. ती माझ्यापाशी आली.

"अम्मी, येतेस?"

"आज थोडा उशीर होईल, बेटा."

पलीकडून आयरा म्हणाली, "अम्मी, तुझ्या ऑफिसला घंटा नाही का गं? आमच्या शाळेत घंटा वाजली की सगळे घरी जातात. बाईंना पण जावंच लागतं."

हसिनानं मान वर केली आणि माझ्याकडे पाहिलं. इतकी वर्षं लोक माझ्याकडे बघतात, पण असं कुणी पाहिलं नव्हतं.

"आहे," ती म्हणाली. "ऐक."

फोन तिनं खिडकीच्या कठड्यावर ठेवला, हातोडी उचलली आणि हात सैल सोडला. एक टोल नाही. घणघणघणघण! बजरंग वाजवायचा तशी, सलग! माझ्या अंगात जीव आला हो. काचा थरथरल्या. आणि डोळ्यांदेखत अख्खं ऑफिस उठलं. कुणी विचार केला नाही, कुणी कुणाकडे बघितलं नाही. अमृतनं लॅपटॉप मिटून बॅग पाठीला लावली. कुणाचा पाय चपलेत शिरला. समर्थसुद्धा खुर्चीवरून खाली उतरला, अगदी शाळकरी पोरासारखा. क्षणभर वाटलं, सुटली शाळा!

पण समर्थच आधी भानावर आला. त्यानं टाळी वाजवली. "कमाल! हसिना, कमाल! हीच आपली फिल्म! घंटा वाजते, सगळे उठतात, दिवेलागणीला घरी! अमृत, कॅमेरा घे. परत वाजव, हसिना, परत! बाकीचे बसा, मी सांगितलं की उठा."

आणि माणसं बसली. पाठीवरच्या बॅगा उतरल्या, पाय चपलांतून निघाले. अमृतनं कॅमेरा खांद्यावर घेतला. कुणी पडदे सारखे केले, कुणी दिवा धरला. घरी जाण्याचा देखावा करायला घरी जाणारी माणसं थांबली.

हसिनानं हातोडी परत जागेवर अडकवली, फोन उचलला. "निघाले, बेटा," म्हणाली आणि उघड्या दारातून चालती झाली. समर्थ हाका मारत राहिला. त्या संध्याकाळी तिच्यासाठी कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत.

ती परत आली नाही. आता घरूनच लिहिण्याची कामं घेते, असं अमृत कुणाला तरी सांगत होता. आयरा घंटेचं चित्र काढते म्हणे. फिल्म झाली, गाजली. तिच्यात मीही आहे, पण आवाज दुसऱ्याच घंटेचा लावलाय. माझा म्हणे फार खरा वाटत होता.

तेव्हापासून हातोडी समर्थच्या केबिनमध्ये असते. नियम मात्र तसाच आहे. आधी निघायचं तर आत जाऊन ती मागायची. अजून कुणी मागितलेली नाही.

काल संध्याकाळी अमृत माझ्या कोपऱ्यात आला. फोनवर म्हणाला, "न्हाई गं आई, आज बी न्हाई जमायचं. तुमी जेवून घ्या." फोन ठेवल्यावर तो तिथेच उभा राहिला. मग त्यानं नखानं मला हळूच टिचकी मारली. टिंग. आम्हा दोघांनाच ऐकू आलं. आत गाद्यांवर कुणी मान वळवली नाही.

अमृत, बाळा, नखानं नको रे. मूठ वळ. हातोडी नसली म्हणून काही अडत नाही. मार खायची मला सवय आहे, मला लागत नाही. तू फक्त सलग वाजव. आणि या खेपेला कुणी कॅमेरा मागितला, तर मागे वळून बघू नकोस.