मोटर बंद झाल्याचं दुःख

वैशाखातले सगळे मुहूर्त एकाच माणसाने अडवले होते. तो माणूस रोज सकाळी लग्न ठरवायचा आणि संध्याकाळी दशक्रिया लावायचा.

इंदापुरात आमचं मंडपाचं ऑफिस आहे. मालक अमजदभाई. फोन, तारखा आणि गिऱ्हाइकांची कटकट माझ्याकडे. मीच मागे लागून ऑफिसला आपोआप बोलणारा नवा नंबर घ्यायला लावला. लग्नासाठी एक दाबा, वाढदिवसासाठी दोन, दशक्रियेसाठी तीन. एक दाबलं की आतली बाई म्हणते, "अभिनंदन, पुढचा मोकळा मुहूर्त आपल्या नावे राखला आहे." तीन दाबलं की तीच बाई आवाज उतरवून म्हणते, "आम्ही आपल्या दुःखात सहभागी आहोत." हा नंबर टेम्पोवर, खुर्च्यांच्या पाठीवर, भाताच्या पातेल्यांवरसुद्धा रंगवून झाला होता. आणि आता खरी गिऱ्हाइकं 'तारीख शिल्लक नाही' ऐकून दुसऱ्या मंडपवाल्याकडे जात होती. मी मुहूर्त मोकळे करायचे, सकाळी तो पुन्हा अडवायचा.

"मोनाली," अमजदभाई म्हणाले, "ह्या मशीनपायी सीझन गेला, तर मशीन बी जाईल आन तू बी. मी पयल्यासारखं माझ्या मोबाईलवर फोन घेईन."

ते ओरडले असते तर मी मनावर घेतलं नसतं. ते शांतपणे चहा पीत बोलले, म्हणून मी लगेच फोन उचलला.

फोन कंपनीकडे तक्रार केली की एकाच नंबरावरून रोज सकाळी एक आणि संध्याकाळी तीन दाबलं जातं, बोलत कुणी नाही. तिकडून सूरज नावाचा मुलगा बोलला, फारच गोड. "तो नंबर बंद करता येईल मॅडम, पण कॉलचे तपशील लागतील. कोणी केला, किती वाजता केला, आपल्याला काय ऐकू आलं आणि समोरच्याला काय ऐकू आलं."

"समोरच्याला काय ऐकू आलं ते मला कसं कळणार?"

"ते आपण समोरच्याला विचारायचं, मॅडम."

"तो बोलतच नाही, हीच तर तक्रार आहे."

"समजलं मॅडम. पण तो रकाना रिकामा ठेवता येत नाही."

मग मीच त्या नंबरावर दोन-तीनदा फोन लावला. उचलला गेला. मी म्हटलं, "हॅलो, मंडपाच्या ऑफिसातून बोलतेय." पलीकडून कुणीतरी बटण दाबल्याचा टूं असा आवाज आला. मी आवाज चढवला, तर तिकडून बटण जास्त वेळ दाबून धरलं. माझं डोकंच फिरलं. फोनमधल्या ॲपवर त्या नंबरापुढे 'धोंडीबा आबा सांगवी' असं नाव दिसलं. सुट्टीच्या दिवशी मी एसटीने बारामती गाठली आणि तिथून सांगवी. माझ्या पदरच्या पैशांनी, हेही सांगून ठेवते.

धोंडीबा आबा पडवीत खाटेवर होते. ऑपरेशन झालेला गुडघा उशीवर आणि मोबाईल छातीवर.

"आबा, तुमी रोज सकाळ-संध्याकाळ कुणाला फोन लावता?"

"मोटरीला," ते म्हणाले.

त्यांच्या विहिरीवरच्या मोटरीच्या पेटीत सीमकार्ड होतं. घरून फोन लावायचा, एक दाबलं की मोटर चालू, तीन दाबलं की बंद. त्या सीमचा नंबर कधीतरी बंद पडला असणार, आणि कंपनीने तोच आम्हाला नवा म्हणून दिला होता.

"आधीची बाई लई कोरडी," आबा सांगू लागले. "नुसतं मोटर चालू हाय, येवढंच. ही नवी मायाळू हाय. चालू केली की अभिनंदन म्हणती. बंद केली की तिला वाईट वाटतं, दुःखात सहभागी हाय म्हणती. आमच्या म्हातारीला कशाचं येवढं वाईट वाटत न्हाय. अधनंमधनं मोटर आपणहून फोन बी करती. हॅलो हॅलो म्हणती."

"मग बोलत का न्हाय तुमी तिच्याशी?"

"मोटरीशी काय बोलायचं, पोरी?"

मी शेताकडे गेले, तर मोटर खरंच चालू होती. उसात त्यांची बायको, तुळसाआज्जी, पाणी फिरवत होती. मी सगळं सांगितलं. ती हसलीबिसली नाही.

"शिमकार्ड म्याच काढलं," ती म्हणाली. "मी सरीत उभी असायची आन हे खाटंवर पडून मधीच बंद करायचं. वाटंल तवा चालू. आता मी हातानं चालू करते, ऊस भिजला की बंद करते. त्यांना वाटतं त्येच करत्यात. ऊस बघा कसा झालाय."

ऊस खरंच काळाभोर, जोमदार होता.

"आज्जी, हे असंच चाललं तर माझी नोकरी जाईल."

"आन तुमी नंबर बंद केला, तर म्हातारं तसल्या गुडघ्यावर बांधावर येऊन बसंल. मी परत त्यांच्या हुकमावर."

मला दोघांचाही राग आला. यांच्या संसाराचा निवाडा करायला मंडपवाल्यांचीच पोरगी सापडली होती. तिथूनच, बांधावर उभी राहून, मी सूरजला फोन लावला. एकाच नंबरावरून येणाऱ्या फोनला वेगळं रेकॉर्डिंग लावता येतं का?

"येतं मॅडम. समोरच्याला काय ऐकू यायला हवं, ते पाठवा."

मी मोबाईल आज्जीपुढे धरला. "बोला. मोटर चालू झाली की काय म्हणायचं?"

तिने पदराला हात पुसले आणि सभेत उभी राहिल्यासारखी ताठ झाली. "चालू केली. म्या केली." मग बंदसाठी, "बंद केली. आता घरला येते."

"आवाज ओळखतील ते."

"वळखू दे की. किती दिस त्या बाईचंच ऐकायचं त्यांनी?"

आबांच्या फोनला आता फक्त आज्जीचा आवाज लागायचा, मुहूर्त नाही, आणि सगळे मुहूर्त मोकळे झाले. अमजदभाईंनी मला चहा सांगितला, त्यांचं कौतुक तसंच असतं. राहिली होती फक्त तक्रार मिटवायची, आणि त्यासाठी सूरजला पुन्हा तपशील हवे होते. आमचे कॉल रेकॉर्ड होतात. मी ऐकले.

पहिल्या सकाळी आबांनी एक दाबलं. "चालू केली. म्या केली." मग खाट करकरल्याचा आवाज, आणि फोन ठेवला. त्या संध्याकाळी त्यांनी तीन दाबलंच नाही. वाटलं, माझ्यामुळे त्या घरात भांडण पेटलं असणार.

दुसऱ्या सकाळी पुन्हा एक. "चालू केली. म्या केली." घसा खाकरल्याचा आवाज. आणि मग, मोटरीशी काय बोलायचं म्हणणारा तो माणूस हळूच म्हणाला, "जेवलीस का?"

मी ते सूरजला जसंच्या तसं सांगितलं. त्याने टाइप करून घेतलं.

"आणि आपल्याकडून काय उत्तर गेलं, मॅडम?"

"काहीच नाही. ते रेकॉर्डिंग आहे."

"रकाना रिकामा ठेवता येत नाही, मॅडम."

त्याला थांबायला सांगून मी दुसऱ्या फोनवरून आज्जीला गाठलं. आबांनी मोटरीला काय विचारलं, ते सांगितलं. मागे पाणी पडल्याचा आवाज येत होता. तिने मोटर बंद केली, तसा तो थांबला.

"न्हाय जेवले म्हणावं," ती म्हणाली. "येते. थांबा म्हणावं जरा, संगंच जेवू."