तेराशे पंचवीस अक्षरांतला गॅरेट

अमेरिकेत मेडिकलच्या अर्जात एक चौकोन असतो. आयुष्यात काय सोसलंत ते तेराशे पंचवीस अक्षरांत लिहा, मोकळ्या जागा धरून. ओहायोतल्या डेलेनी कोवाचकडे सोसलेलं दोन प्रकारचं होतं: शर्यतीत मोडलेला घोटा, आणि गोळ्यांच्या नशेत बुडालेला थोरला भाऊ गॅरेट. गॅरेट खाली तळघरात राहायचा.

कॉलेजच्या सल्लागार बाईंच्या मते घोटा फिका होता. यंदा त्यांच्याकडे नुसते घोटेच नऊ आले होते. भाऊ चांगला, पण संपलेला हवा. निवड समितीला चालू संकट आवडत नाही.

"संपलेला म्हणजे?" डेलेनीने विचारलं.

"बरा झालेला. किंवा..." म्हणून बाई बराच वेळ पाण्याच्या बाटलीचं झाकण फिरवत बसल्या.

डेलेनीने गॅरेटला कागदावर बरं केलं. सहाव्या ओळीपर्यंत तो दोन वर्षं गोळीला शिवलेला नव्हता. खरे दिवस एकोणीस होते. आईने वाचून डोळे पुसले आणि आपल्या गुडघ्याचं ऑपरेशन कुठे बसतंय का ते विचारलं.

प्रिंटर तळघरात होता, हे डेलेनीला बटण दाबल्यावर आठवलं. ती धावत खाली गेली तेव्हा गॅरेट कागद हातात धरून पलंगावर बसला होता.

"छान माणूस आहे," तो म्हणाला. "ओळख करून दे कधीतरी."

काढून टाकते, असं ती पुटपुटली.

"राहू दे गं. मुलाखतीला कधी बोलावतात?"

"ऑक्टोबरपासून."

"जून चाललाय. तोवर गोळीशिवाय टिकतो. दोन वर्षं काही भरणार नाहीत, पण कुणी फोन केलाच तर आवाज तरी बरा लागेल."

वर येऊन तिने तो मजकूर पुसला आणि घोटा पाठवला. त्याला सांगायचं राहिलं. मग सांगता येईना, कारण तो रोज सकाळी दाढी करून वर यायचा, कॉफी ओतायचा आणि विचारायचा, "बोलावलं का?"

अर्ज चौदा कॉलेजांना गेला होता. फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी चौदावा नकार आला. डेलेनीने तो उभ्याउभ्या वाचला आणि फोन पालथा ठेवला. जिन्यावर पावलं वाजली.

"बोलावलं का?"

"एक कॉलेज राहिलंय," ती म्हणाली.

"बरं," म्हणत त्याने तिच्या कपात कॉफी ओतली.