काळ्या पिशवीतला दगड

मी एक जुना, छिद्राछिद्रांचा दगड आहे. मित्रांनो, डोंगर मी कधी पाहिला नाही. माझा जन्म भट्टीतला. दातांच्या एका दवाखान्यात बाकांसमोर खाऱ्या पाण्याची काचेची टाकी होती. तिला जोडलेल्या काचेच्या डब्यात मी राहत असे. टाकीतले पाणी माझ्यातून जाई आणि शुद्ध होऊन परत जाई.

ते पुण्य माझे नव्हे. माझ्या छिद्रांत डोळ्यांना न दिसणारे जिवाणू होते. माशाच्या विष्ठेतून पाण्यात जे विष उतरते, ते हे जीव गुपचूप पचवत. त्यांना उजेड सोसत नाही. म्हणून दवाखाना झाडणाऱ्या मावशींनी डब्याला काळ्या कापडाची पिशवी शिवली होती.

टाकीत एकच नारिंगी मासा होता. आग्रह केल्याशिवाय खायचा नाही, म्हणून त्याचे नाव जावईबापू. "या जावईबापू, रुसवा पुरे," असे म्हणत मावशींनी त्याला सात वर्षे नेमाने भरवले.

मग डॉक्टरांचे मेहुणे दवाखाना सजवायला आले.

"मावशी, डब्याला थंडी वाजते का?"

"उजेडानं आतले जीव मरतात, साहेब. टाकी बसवणारे सांगून गेलेत."

"लाजतात वाटतं! पडद्यात ठेवायचं त्यांना?"

सुजलेले गाल धरून बाकांवरची माणसेही हसली.

मेहुण्यांनी पिशवी काढली. मला नळाखाली ब्रशने घासले आणि डब्यावर झगझगीत निळा दिवा लावला. बहुतेक जिवाणू नळाच्या पाण्यातच गेले. खोल छिद्रांत थोडे उरले होते. त्यांची कोवळी पिल्ले बाहेर पसरू पाहत आणि दिव्याखाली मरत. मी मात्र सुंदर दिसत होतो. जन्मात माझे कौतुक झाले, ते तेवढेच.

नवव्या दिवशी जावईबापू पाण्यावर तोंड काढून धापा टाकू लागले. मावशी धावत पिशवी घेऊन आल्या. मेहुण्यांनी ती घेतली आणि दारात टाकली. "पाय पुसायला होईल."

दुपारी मासा उलटा तरंगला.

डॉक्टर म्हणाले, "मावशी, फिनाईलच्या हातांनीच खायला घालत होतात ना?"

मावशींनी आपले हात उलटसुलट करून पाहिले. त्यांना ते खरे वाटले. जावईबापू उपटलेल्या दातांच्या बादलीत गेले.

आता टाकीत प्लॅस्टिकचे मासे आहेत. मी डॉक्टरांच्या टेबलावर कागद दाबत बसतो. टेबल पुसायला येताना मावशी तीनतीनदा हात धुतात आणि घटकाभर मला पदराने झाकतात. माझ्यात आता कुणीच उरलेले नाही, हे त्यांना ठाऊक नाही.

मित्रांनो, कुणी काही जपून झाकले असेल, तर उघडण्याआधी त्याला विचारा, आणि उत्तर ऐकून हसू नका. मला तोंड नाही. तुमच्यापैकी कुणी त्या दवाखान्यात गेलात, तर मावशींना एवढेच सांगा, की त्यांचे हात स्वच्छ होते.