न झालेल्या हंगामाचा ठराव

मी व्यवसायाने गादीवाला असून माझे शिक्षण सातव्या इयत्तेपाशी थांबलेले आहे. तथापि आमच्या पाच संघांच्या फुटबॉल संघटनेचे सरचिटणीसपद कित्येक वर्षे माझ्याकडेच आहे, आणि त्याचे एकमेव कारण म्हणजे माझी भाषा. ठराव लिहावा तो गादीवाल्यानेच, अशी सर्वत्र ख्याती आहे. ही ख्याती प्रामुख्याने मीच पसरवलेली आहे, हेही येथे नम्रपणे नमूद करतो.

साथ आली तेव्हा आमच्या हंगामाच्या दोन फेऱ्या उरल्या होत्या. मैदानाला कुलूप लागले, दुकानाला लागले, आणि गाद्यांच्या थप्पीवर बसून मी घरातल्या घरात संघटना चालवू लागलो. गुणतक्त्यात बेकरी संघ पहिला होता, छापखान्याच्या चार गुण पुढे. बेकरीने आजवर आमची विजेतेपदाची ढाल एकदाही जिंकलेली नव्हती. त्या संघाचा गोलरक्षक म्हणजे माझ्या पत्नीचा धाकटा भाऊ, अर्थात माझा मेहुणा. तो भट्टीवर काम करतो. वय चाळिशीला टेकलेले, उजवा गुडघा कामातून गेलेला. डॉक्टरांनी बजावल्यावर त्याने बहिणीला शब्द दिला होता, "ताई, हा हंगाम संपू दे. मग हातमोजे खुंटीला." म्हणजे त्याच्या नशिबात ढाल असेलच तर ती याच हंगामात, पुढे नाही.

आता निर्णय संघटनेने करायचा होता. फोनवरील आमच्या गटात विचारमंथन सुरू झाले आणि प्रत्येक संघाला एकेक तत्त्व सापडले. तळाला असलेल्या बस डेपोच्या प्रतिनिधीने लिहिले की मानवी जीवनापुढे खेळ तुच्छ असून हंगाम रद्द व्हावा, कुणालाही खालच्या गटात ढकलू नये. छापखानेवाल्यांचे म्हणणे असे की खेळाचा निकाल मैदानावरच लागला पाहिजे, मग वर्षभर थांबावे लागले तरी चालेल. बेकरीच्या मालकांनी गुणतक्त्याचे छायाचित्र टाकले आणि खाली लिहिले, "डोळे असतील त्याने बघावं." लाकडाच्या वखारीचे आणि रंगाऱ्यांचे संघ मधल्या जागी होते, त्यामुळे त्यांना तत्त्वाची गरज भासली नाही. ते प्रत्येक संदेशाखाली अंगठ्याचे चित्र टाकत राहिले.

बेकरीला विजेते ठरवावे, असे मलाही मनातून वाटत होते. पण तसा ठराव मी लिहावा, तर गावभर बोभाटा होणार की सरचिटणिसाने बायकोच्या माहेरी ढाल पोचवली.

"तुम्ही कशाला देताय? गुणतक्ता देतोय," पत्नी म्हणाली.

"निःपक्षपातीपणा नुसता असून भागत नाही. तो दिसावाही लागतो," मी म्हणालो.

"दिसू दे की. पण डोळ्यात खुपेल इतका नको."

मी तेव्हा गालातल्या गालात हसलो, कारण माझ्या डोक्यात एक डाव शिजत होता. तो समजण्यासाठी आमच्या सभेची एक जुनी रीत सांगणे क्रमप्राप्त आहे. आमचे संस्थापक कानाने अधू होते. कोण काय बोलले ते त्यांना ऐकू येत नसे, मात्र टेबलाला बसलेला हादरा कोपराला बरोबर कळे. म्हणून तेव्हापासून असे ठरले की सरचिटणिसाने ठराव वाचावा, आणि ज्याला तो मान्य नसेल त्याने टेबलावर मूठ आपटावी. एक जरी मूठ आपटली तरी चर्चा, आणि मग मतमोजणी. कुणीच आपटली नाही तर सरचिटणिसाने कागदाची घडी करायची. घडी झाली की ठराव मंजूर. संस्थापक जाऊन जमाना झाला. रीत राहिली, कारण आमच्या लोकांना मूठ आपटायला मनापासून आवडते. मैदानावर चहा किती वाजता यावा या ठरावावरसुद्धा आमच्याकडे टेबल हादरलेले आहे.

तर डाव असा की, हंगाम रद्द करण्याचा कठोर ठराव मीच लिहायचा. बेकरी मूठ आपटणार, छापखाना आपटणार, वखारवाले तर सवयीनेच आपटणार. ठराव मोजणीला जाईल, पडेल, आणि त्यानंतर अध्यक्षांच्या तोंडून गुणतक्त्याचा ठराव येईल. मेहुण्याला ढाल मिळेल आणि मला नीतिमत्ता. एका दगडात दोन पक्षी मारण्याची ही कल्पना मला इतकी आवडली की मी ती कुणालाही सांगितली नाही, पत्नीला तर मुळीच नाही.

सभा फोनवर, चित्रासह. गाद्यांच्या थप्पीला फोन टेकवून मी समोर बसलो. इस्त्रीचा सदरा घातला. खालची लुंगी चौकटीबाहेर होती. अध्यक्ष, जे व्यवसायाने दाताचे डॉक्टर आहेत, त्यांनी सभा सुरू झाल्याचे सांगितले, आणि लगेच गोंधळ उसळला. डेपोवाल्यांकडे कुकरची शिटी. रंगाऱ्यांकडे कुणी तरी कुणाला तरी आंघोळीला जा म्हणून ओरडत होते. छापखानेवाले "ऐकू येतंय का, ऐकू येतंय का" एवढेच विचारत होते. ठरावाच्या वाचनाला एक गांभीर्य लागते. म्हणून मी स्वतःच्या बुद्धीने शोधून काढलेली एक कळ दाबली आणि सर्वांचे आवाज बंद केले. काय शांतता पसरली म्हणून सांगू.

मग मी वाचू लागलो. "ज्याअर्थी मानवजात एका अदृश्य शत्रूच्या विळख्यात सापडलेली आहे, आणि ज्याअर्थी चेंडू हा हस्तस्पर्शाने व पदस्पर्शाने संक्रमित होणारा पदार्थ आहे, त्याअर्थी चालू हंगाम हा घडलाच नाही असे समजण्यात यावे." डोळ्यांवर वाचायचा चष्मा असल्यामुळे फोनमधले चेहरे धूसर होते. तरीही चौकटीचौकटीत हात जोरजोराने वरखाली होताना मला दिसले. ही माझ्या भाषाशैलीला मिळालेली दाद आहे असे मी समजलो, आणि वाचन संपताच मान लववून आभार मानले. मग मी मूठ ऐकण्यासाठी थांबलो. मूठ आली नाही. आणखी थांबलो. पुढे माझा हात, वर्षानुवर्षांच्या सवयीने, कागदाची घडी करून मोकळा झाला.

"मंजूर," अध्यक्ष म्हणाले. आवाज बंद करण्यात मी त्यांना सन्मानपूर्वक वगळले होते.

मेहुणा समोरच्याच इमारतीत राहतो. दोन गॅलऱ्यांमध्ये रस्त्याएवढे अंतर. सभा संपल्यावर बऱ्याच वेळाने मी गॅलरीत आलो, तेव्हा हा भट्टीवरून परतून कठड्याला टेकून उभा.

"भाऊजी, आमच्या मालकांच्या हाताला सूज आलीय."

"का रे?"

"आपटून आपटून. मी शेजारीच होतो. वखारवाले आपटत होते, छापखानेवाले आपटत होते. तुम्ही मध्येच मान डोलावलीत. मालक म्हणाले, बघ, तुझ्या भाऊजींनी पाहिलं. तरी घडी घातलीत."

माझ्या पायाखालची जमीन सरकली, असे लिहिणे उचित ठरेल. वस्तुतः मी लुंगी सावरली. पाठीमागे पत्नी कधी येऊन उभी राहिली ते कळले नाही.

"काय केलंत?" तिने विचारले.

मी तिला कळ सांगितली. मग, काही लपवण्यात अर्थ उरला नसल्यामुळे, डावही सांगितला.

"म्हणजे माझ्या भावाला ढाल मिळावी म्हणून तुम्ही ती कुणालाच मिळू नये असं लिहिलंत."

"थोडक्यात सांगायचे तर—"

"थोडक्यातच सांगितलं मी. लांबवायला तुम्ही आहात."

समोरून मेहुणा हसला, पण ते हसणे फार वेळ टिकले नाही. "होईल ना काही तरी, भाऊजी?" त्याने विचारले. तो असे कधी विचारत नाही. चेंडू जाळ्यात गेला तरी हा गडी पंचाकडे बघत नाही, गुपचूप चेंडू काढून देतो.

मी दुसरी सभा बोलावली. मुठी ऐकू न आल्याची त्रुटी दूर करणे, हा एकच विषय. दरम्यान दिवस बदलले होते. छापखान्याचा गोल करणारा गडी काम सुटल्यामुळे आपल्या गावी निघून गेला होता; उरलेल्या फेऱ्या आता त्यांना नको होत्या. हंगाम रद्दच राहावा म्हणून डेपोवाल्यांनी घरोघर फोन फिरवले होते. आणि रंगाऱ्यांचे प्रशिक्षक दवाखान्यात प्राणवायूवर होते. एरवी हा गृहस्थ मैदानात शिरताच पंचांच्या सात पिढ्या उद्धरत असे. त्यांच्या आठवणीने आवाज बंद न करतासुद्धा सभा शांत होती.

"मागील सभेत कुणी कुणी मूठ आपटली होती?" मी विचारले.

"आम्ही? छे," छापखानेवाले म्हणाले. "मी डास मारत होतो."

"टेबलावर?"

"डास बसेल तिथे मारायचा ना."

वखारवाले म्हणाले, "माझ्या टेबलाचा पाय ढिला आहे. तो ठोकत होतो."

"तुमची वखार आहे, तुमच्याच टेबलाचा पाय ढिला कसा?" बेकरीचे मालक तडकले.

"चांगलं लाकूड विकायला असतं, मालक. घरी राहतं ते असंच."

"मी आपटली होती," बेकरीचे मालक म्हणाले. "ही बघा पट्टी. बाकीचे काय ते देवाला सांगा."

एक मूठ पुरे असल्यामुळे मी विधिवत चर्चा पुकारली. मी गुणतक्ता वाचला. मेहुण्याने किती सामन्यांत एकही गोल होऊ दिला नाही ते वाचू लागलो, तेव्हा रंगाऱ्यांचा प्रतिनिधी पहिल्यांदाच बोलला. "गादीवाले, आमचा माणूस तिकडे श्वास मोजतोय. तुम्ही गोल मोजा."

मी कागद खाली ठेवला. मतमोजणी झाली. रद्द करण्याच्या विरोधात एकटी बेकरी, वखारवाले तटस्थ. या खेपेस सर्व काही नियमानुसार, मोठ्या आवाजात आणि निर्विवादपणे पार पडले. पहिल्या दिवशी मी ती कळ दाबली नसती तर हेच मत वेगळे पडले असते की नाही, यावर मी पुष्कळ विचार केला, आणि दर वेळी माझ्या विरुद्ध निकाल लागला.

मेहुण्याला सांगायला मी गॅलरीत गेलो. वाक्य तयार केले होते. त्यात 'नियती' हा शब्द होता.

"कळलं," तो आधीच म्हणाला. "मालकांनी सांगितलं. एक विचारू? ठरावात तुम्ही लिहिलंय, हंगाम घडलाच नाही."

"असे समजण्यात यावे, असे लिहिले आहे."

"तेच. मी ताईला काय म्हणालो होतो? हा हंगाम संपला की सोडणार. जो घडला नाही तो संपला कुठे?"

पत्नी पुढे झाली. "ए, गुडघ्याचं काय सांगितलंय डॉक्टरांनी?"

"डॉक्टरांनी न घडलेल्या हंगामात सांगितलंय, ताई."

तिने माझ्याकडे वळून पाहिले. "तुमच्याच भाषेत बोलायला लागलाय तो. आता काढा यावर ठराव."

मी प्रयत्न केला, हे प्रामाणिकपणे सांगतो. निवृत्तीची घोषणा ही व्यक्तिगत बाब असून हंगामाच्या वैधतेवर ती अवलंबून नाही, असा युक्तिवाद मी रस्त्यापलीकडे ओरडून मांडला. खालून जाणारा दूधवाला थांबून ऐकू लागला. "दूधवाल्याला तरी पटलंय का ते विचारा," एवढे बोलून मेहुणा आत गेला, आणि आतून भिंतीवर चेंडू आपटल्याचा आवाज येऊ लागला.

साथ ओसरली. रंगाऱ्यांचे प्रशिक्षक बरे होऊन आले, आवाजाने मात्र निम्मे. मैदान उघडले. बेकरीचा पहिलाच सामना डेपोशी, म्हणजे माझ्या ठरावाने तळातून वाचलेल्या संघाशी होता. प्रेक्षक अंतर राखून उभे. माझ्या शेजारी पत्नी, अंतर न राखता.

पहिला गोल डाव्या कोपऱ्यातून झाला. मेहुण्याने झेप घेतली खरी, पण ती जुन्या गुडघ्याच्या आठवणीवर घेतलेली होती. दुसरा त्याच्या दोन पायांमधून गेला. त्यानंतर त्याने एक चेंडू असा अडवला की डेपोवाल्यांनीही टाळ्या वाजवल्या, आणि त्या टाळ्या थांबायच्या आत तिसरा झाला.

"धावायला त्रास होतोय त्याला," पत्नी म्हणाली.

"गोलरक्षकाला फारसे धावावे लागत नाही," मी म्हणालो.

"उठायला तर लागतं ना."

शिटी झाली. मेहुणा लंगडत बाहेर आला, हातमोजे काढून काखेत धरले आणि माझ्या खांद्यावर सगळा भार टाकला. भट्टीवरच्या माणसाचा भार असतो, मी वाकलो. त्याच्या चेहऱ्यावर राग शोधला. नव्हता, नुसता घाम होता.

"बघितलंत, भाऊजी?"

"बघितले. तो मधला तू फारच उत्तम अडवलास."

"हं." चार पावले लंगडत टाकून तो म्हणाला, "भाऊजी, हाही हंगाम रद्द करता येतो का, बघा ना."

मी थांबलो. "त्यासाठी निदान चार संघांची लेखी मागणी यावी लागते, आणि ज्याअर्थी—"

"चला आधी," पत्नीने त्याचा दुसरा हात आपल्या खांद्यावर घेतला. "दोघंही. गुडघ्याला शेक द्यायचाय."

मी वाक्य अर्धवट सोडले. हे माझ्या हातून क्वचितच घडते.