उपाशीपोटीची गोळी

लग्नाला चार वर्षं झाली तरी जागृतीला मूल नव्हतं. पाळीचाही नेम नव्हता. कधी दीड महिन्याने यायची, कधी अडीच. बाळकुमला तिच्याबरोबर राहणाऱ्या सासूबाईंनी, आवडाबाईंनी, तिला दोन वैदूंकडे आणि एका अंगारेवाल्याकडे फिरवून आणलेलं. साधं रक्त मात्र कोणी तपासलं नव्हतं. शेवटी वैतागून ती एकटीच खोपट भागातल्या एका डॉक्टरीणबाईंकडे गेली. थायरॉइड कमी निघालं. ते मंदावलं की अंडं वेळेवर तयार होत नाही, म्हणून पाळी लांबते आणि दिवस राहत नाहीत, असं बाईंनी समजावलं आणि रोज उपाशीपोटी घ्यायची गोळी दिली.

दोन महिन्यांनी रिपोर्ट जवळपास तसाच. गोळी वाढवली, तरी तेच. तिसऱ्या खेपेला बाईंनी विचारलं, गोळी विसरतेस का? जागृतीचं डोकंच फिरलं. एक दिवस चुकवला नव्हता तिने. मग बाईंनी खोदून विचारलं, गोळी कशाबरोबर घेतेस?

दुधाबरोबर. आवडाबाई रोज सकाळी शतावरी घातलेलं दूध तिच्या हातात द्यायच्या, मूल व्हावं म्हणून. नाश्त्याच्या आधी घेतली म्हणजे उपाशीपोटीच, असं जागृतीने धरलेलं. बाईंनी कपाळाला हात लावला. दुधामुळे गोळी अंगीच लागत नव्हती. नुसत्या पाण्याने घे आणि दूध चार तासांनी, असं त्यांनी बजावलं.

घरी तिने हे सांगितलं, पण दुसऱ्या दिवशी पेला हजर. तिसऱ्या दिवशीही. आईचं मन राख, दोन घोट पी, असं नवरा देवेश मोबाइलमधून मान वर न करता म्हणाला. चौथ्या दिवशी जागृतीने पेला ओट्यावर ठेवला.

"आई, ज्याच्यासाठी दूध देता, तेच या दुधाने अडलंय. संध्याकाळी द्या, गुपचूप पिईन."

आवडाबाईंनी दोन दिवस भांडी आपटली. पण दूध संध्याकाळी येऊ लागलं.

अडीच महिन्यांनी थायरॉइड जागेवर आलं. पाळी तिसाव्या दिवशी आली, पुढची एकोणतिसाव्या. जागृतीने हसत हसत स्वयंपाकघरात येऊन ते सांगितलं. आवडाबाईंचा चेहरा पडला.

"पाळी आली, तर त्यात आनंद कसला गो?"

जागृती स्टूल ओढून त्यांच्यासमोर बसली आणि पाळी वेळेवर येते म्हणजे अंडं वेळेवर तयार होतंय, हे पहिल्यापासून सांगायला लागली.