जिन्याखालच्या चौघी

"पाणी चार्ज झाल्यावर घालायचं हं ताई, आधी नाही. आणि थंडीत यांना उघड्यावर ठेवू नका." मला जागेवर ठेवताना मेकॅनिक असं बोलला होता. सहा हिवाळे झाले, ते शब्द अजून माझ्या कानात आहेत. मित्रांनो, मी एक जुनी बॅटरी आहे. जिन्याखाली राहणाऱ्या चौघी बहिणींमधली सगळ्यात थकलेली.

कारखान्यात माझ्या पोटात शिशाच्या प्लेटा बसवल्या, अॅसिड भरलं आणि आम्ही चौघी एकाच दिवशी बर्फ पडणाऱ्या या डोंगरगावातल्या घरात आलो. आमचं काम एकच. वीज गेली तरी आजोबांचं ऑक्सिजनचं मशीन थांबू द्यायचं नाही. चार तास आम्ही ते सहज ओढायचो.

घरातल्या आईने मेकॅनिकचं सांगणं नेमासारखं धरलं. दर एक तारखेला अंघोळ झाली की ती जिन्याखाली वाकायची, झाकणं उघडून पाणी बघायची, तारांच्या जोडावरची पांढरी बुरशी पुसून व्हॅसलीन लावायची. आजोबा खाटेवरून ओरडायचे, "सूनबाई, माझ्यापेक्षा त्यांचेच लाड जास्त!"

"तुमचा श्वास आहे तो, मामंजी," ती हळूच म्हणायची.

यंदा आई लेकीच्या बाळंतपणाला गेली. जाताना मुलाला म्हणाली, "एक तारीख विसरू नकोस." तो हो म्हणाला आणि विसरला. मनाने वाईट नाही हो तो. चपलांच्या कपाटाला जागा हवी होती, म्हणून त्याने आम्हाला मागच्या उघड्या व्हरांड्यात नेलं.

"गारठतील ना त्या?" त्याच्या बायकोने विचारलं.

"बॅटऱ्या आहेत त्या. स्वेटर विणतेस का?"

दोघं हसली.

मग थंडी पडली. शेजारच्या बादलीतलं पाणी गोठू लागलं. मित्रांनो, गारठ्यात आमच्या अंगात बळ राहत नाही. चार्ज पूर्ण असला तरी काम निम्मंही होत नाही. परवा सकाळी बर्फाच्या भाराने विजेची तार तुटली आणि वीज गेली. आम्ही जीव तोडून ओढलं, पण दीड तासात इन्व्हर्टर कण्हू लागला आणि मशीन थांबलं. आजोबांचे ओठ निळे पडले. नातसून त्यांना उशांना टेकवून बसवत होती. मुलगा अनवाणी पळत कोपऱ्यावरच्या दवाखान्यातून सिलिंडर घेऊन आला.

श्वास सुरळीत झाल्यावर आजोबा एवढंच म्हणाले, "स्वेटर विणायलाच हवा होता रे."

या वेळी कोणी हसलं नाही. मुलाने आईला फोन लावला. "आई, मी विसरलो." ती रागावली नाही. "आता जप," म्हणाली. "जपतो," तो म्हणाला.

मित्रांनो, मला कौतुक नको. माझे दिवस भरत आले आहेत. पण अडचणीत जे आपल्या कामी येतं, त्याची विचारपूस अडचण नसताना करावी, एवढंच मागणं आहे.

आज मुलाने आम्हाला एकेक करून आत आणलं. कपाट व्हरांड्यात गेलं. मेकॅनिकला विचारून त्याने आधी आमचा गारठा जाऊ दिला, मग चार्जिंगला लावलं. संध्याकाळी हिरवा दिवा लागला. आजोबांचा डोळा लागला होता. मुलाने भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. सतरा तारीख होती. त्याने पाण्याचा कॅन उचलला आणि पावलांचा आवाज न करता तो जिन्याखाली वाकला.