रॉकेलवरची पाणबुडी

कमाल मुकादमला गोदीत सगळे सुतार म्हणत, पण त्याचं काम साचे घडवण्याचं. जहाजाचा एखादा भाग मोडला, की तो आधी कमालच्या हातून लाकडात उतरायचा आणि मग ओतशाळेत धातूचा व्हायचा. दाभोळच्या खाडीवर होड्या बांधणाऱ्या घरातला हा माणूस. बहरीनला येऊन त्याला दोन वर्षं होत आली होती.

इंजिन विभागाचे साहेब लोरेन्झ जर्मन होते आणि निवृत्तीला आले होते. १९७९च्या हिवाळ्यात एका दुपारी ते कमालच्या बाकापाशी आले आणि त्यांनी एक आराखडा पसरला.

"माझे वडील असल्या पाणबुडीत इंजिनवर होते. पहिल्या महायुद्धात. मला हिची प्रतिकृती हवी आहे, पण कपाटात ठेवायला नको. पाण्यात बुडणारी आणि परत वर येणारी."

"बुडणारी तर कुणीही बनवेल, साहेब," कमाल हसला. "वर येण्याचं बघू."

जेवणाच्या सुट्टीत दोघं कामाला लागले. आराखडा समजत गेला तसा कमाल त्यावर लुब्ध झाला. आत माणसांसाठी एक मजबूत नळकांडं, बाहेर होडीसारखं दुसरं कवच, आणि दोन्हींच्या मधल्या जागेत पाण्याच्या टाक्या. पाणी घेतलं की बोट खाली, हवेने ते ढकललं की वर. पेट्रोलची वाफ बंद जागेत पेट घेईल म्हणून इंजिनं रॉकेलवरची. त्यांचा पांढरा धूर लांबून दिसायचा, रात्री ठिणग्या उडायच्या. बुडी मारायची तर धुराचं नळकांडं आधी उतरवायचं, मग पाण्याखाली बॅटरीवर चालायचं.

"आणि एवढ्या जुनाट यंत्रानिशी लढले?" कमालने विचारलं.

"लढले! १९१४ साली असल्याच एका पाणबुडीने सकाळच्या सव्वा तासात तीन ब्रिटिश क्रूझर बुडवल्या." साहेबांचे डोळे चमकले. "तोवर तिला खेळणं समजत होते सगळे."

कमालने रंधा खाली ठेवला.

"माझा आजोबा आगवाला होता, साहेब. इंग्रजांच्या आगबोटीच्या भट्टीत कोळसा टाकायचा. त्याच लढाईत जर्मन पाणबुडीने ती बोट बुडवली. आगवाले तळाशी असतात. त्यांतला एकही वर आला नाही."

त्यानंतर कमालने प्रतिकृतीला हात लावला नाही.

शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, गुदैबिया वस्तीतल्या त्याच्या खोलीचं दार वाजलं. हलव्याचा डबा घेऊन लोरेन्झ उभे होते. कमालच्या बायकोने, अकीलाने, त्यांना चहा दिला आणि सरळ विचारलं, "यांच्या आजोबाची बोट तुमच्या वडिलांनीच बुडवली का?"

"माहीत नाही, बहन. नाही म्हणालो तर ते खोटं होईल." त्यांनी पेला खाली ठेवला. "वडील विजयाच्या गोष्टी कधी सांगत नसत. सांगायचे ते रॉकेलच्या वासाने येणाऱ्या ओकाऱ्यांचं, डोक्यावर ठिबकणाऱ्या छताचं. बरोबरीच्या मित्रांच्या बोटी गेल्या त्या गेल्याच. विजयाचं मी मागाहून वाचलं आणि तेच तुमच्यापुढे मिरवलं. कमाल, आजोबांचं नाव काय?"

"गफूर."

"मला त्यांचं सांगा."

कमालने आजीकडून ऐकलेलं सगळं सांगितलं. उंच होता, पोवा वाजवायचा, उन्हाळ्यातसुद्धा अंगणात शेकोटी लागायची त्याला. साहेब ऐकत राहिले. या माणसाने अकीलाला सोयीचं उत्तर दिलं नाही, हे कमालच्या मनात भरलं. शनिवारी साहेब यायच्या आधीच त्याने रंधा उचलला होता.

गोदीच्या आवारातल्या पाण्याच्या मोठ्या टाकीत चाचणी झाली तेव्हा मल्याळी वेल्डर, बलुची हमाल, सगळे जमले. पाणबुडी नाकावर उभी राहिली आणि तळाला जाऊन रुतली. "खलास!" कुणीतरी ओरडलं आणि हशा पिकला.

कमालने बाही वर सारून ती बाहेर काढली. "बोटीची पुढची टाकी आधी भरते. भोक मोठं झालंय."

"आणि शेपटाला शिसं कमी पडतंय," साहेब म्हणाले. दोघं तिथेच फरशीवर बसून दुरुस्तीला लागले.

दुसऱ्या खेपेला ती सपाट, शांतपणे खाली गेली आणि गढूळ पाण्यात दिसेनाशी झाली. कमाल हातपंपाने रबरी नळीतून तिच्या टाक्यांत हवा मारू लागला. बुडबुडे आले, पण बोट येईना. पंप दाबता दाबता त्याला वाटलं, अशाच नळकांड्यात माणसं कोंडून बसली होती, वर जाऊ की नाही याची वाट पाहत. आणि त्याच समुद्रात गफूर आजोबा आगबोटीच्या तळाशी फावडं धरून उभा होता. वर उजेडात कोण जिंकलं, हे खालच्यांना सगळ्यांत शेवटी कळत असे.

एवढ्यात पाणी फुगलं. आधी मनोरा, मग काळी पाठ, सगळी बोट निथळत वर आली. टाळ्यांचा कडकडाट झाला. साठीचे लोरेन्झ साहेब टाकीच्या कडेला पोरासारखे नाचत होते.

कमालने ओल्या हाताने तिच्या पाठीवर थाप दिली. ज्यांनी ही पहिल्यांदा घडवली, त्यांची अक्कल आणि जिगर त्याला आता बोटांत कळत होती. त्याने पाणी आत घेणारी झडप पुन्हा उघडली.

"यल्ला, चला साहेब. आता पंप तुम्ही मारा."